खिळ्यावरची फळी

मित्रांनो, शिंपीणकाकूंच्या दुकानात शिरलात की दाराशेजारच्या खिळ्याला मोडक्या लोखंडी चिमट्याची एक जुनी लाकडी फळी टांगलेली दिसेल. ती मी. आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव हेवेखोर आहे.

माझा जन्म गावामागच्या डोंगरावरचा. वरच्या जंगलात रस्ता काढायला पहिली तीस झाडं पाडली, त्यांतल्या एकाचा मी तुकडा. पुढे तो रस्ता रखडला. काकूंच्या सुतार भावानं मला रंधा मारला, चिमटा ठोकला आणि गिऱ्हाइकांची मापं लिहायला बहिणीला दिलं. छाती, कंबर, बाही. कितीतरी वर्षं मी हेच अंगावर वागवलं.

मग रस्त्याचं काम पुन्हा निघालं. वरच्या जंगलात रस्ता नको, बांधकाम नको, असा कायदाच करून घ्यायचं काकूंनी मनावर घेतलं. त्यासाठी ठरावीक मुदतीत पाच हजार रहिवाशांच्या सह्या हव्या होत्या. काकूंनी मापांचे कागद काढून छापील अर्ज माझ्या चिमट्यात अडकवले. नाव, पत्ता, सही. त्यांच्या काखेत बसून मी दारोदार हिंडले.

“आमच्या सहीनं डोंगर हलणार आहे का?” न्हावी म्हणाला.

“हलू नये म्हणूनच तर घेतेय,” काकू म्हणाल्या. त्यानं सही केली.

ते माझे सुखाचे दिवस. तेवढ्यात चादर आली.

काकूंनी तीन पांढऱ्या चादरी जोडून एक मोठी चादर शिवली आणि चौकात टांगली. लोक जाड पेनांनी तिच्यावर सह्या करू लागले. वर्तमानपत्रवाले फोटो काढून गेले. मी खिळ्यावर. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते मी एकेक करून मोजले. दहाव्या दिवशीही तिचंच कौतुक. संध्याकाळी काकू तिला इस्त्री करायच्या आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. मला कधी कुणी इस्त्री केली नाही.

त्या चादरीवर एकाचाही पत्ता नव्हता. मला ते रोज दिसत होतं. फळीला तोंड नसतं हे खरं, पण असतं तरी मी बोलले नसते.

मुदतीला आठ दिवस उरले तेव्हा काकू चादर घेऊन सरकारी कचेरीत गेल्या आणि तशाच परत आल्या.

“पत्ते नाहीत म्हणून कारकुनानं सह्या धरल्याच नाहीत,” त्या भावाला म्हणाल्या. “माणूस इथला की परगावचा, ते कसं ठरवायचं म्हणाला. आजवर बोटभर माप चुकले नाही मी. आणि इथं अख्खा पत्ताच विसरले.”

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पण मग काकू कापायच्या टेबलावर डोकं टेकून रडू लागल्या आणि माझी मलाच लाज वाटली.

भावानं मला खिळ्यावरून काढलं. “ताई, ऊठ. मी नावं वाचतो, तू घरं सांग.”

तो चादरीवरची नावं वाचत गेला. काकूंनी गावातल्या निम्म्या लोकांचे कपडे शिवले होते. “हा टपालवाला, गिरणीमागे. ही दाईबाई, पुलाजवळ, तिसरा जिना.” चादर नसती, तर कुणाकडे जायचं हे कळलंच नसतं. कबूल करताना जिवावर येतं, पण आहे ते आहे. आठ दिवस आम्ही तेच जिने पुन्हा चढलो. माझा चिमटा मोडला, तेव्हा काकूंनी कागद धरायला मला नाडी बांधली. शेवटच्या संध्याकाळी पाच हजारांच्या वर एकोणीस सह्या झाल्या. कारकुनानं अर्ज घेतले.

पुढल्या वर्षी कायदा झाला. वर्तमानपत्रात फोटो आला तो चादरीचा. फळीचा कोपरासुद्धा नाही त्यात.

आता चादर पेटीत आहे आणि माझ्यावर पुन्हा मापं आहेत. तिच्यावरचा राग कधीच गेला. आता मला हेवा वाटतो तो वरच्या झाडांचा. माझी सख्खी भावंडं ती. त्यांना आता करवत लागायची नाही, आणि त्यासाठी जिने चढले मी. त्यांच्या अंगावर दर वर्षी नवी पालवी येते. माझ्या अंगावर कुणाची तरी कंबर.

तरीही मित्रांनो, एक विनवणी आहे. वर गेलात तर त्या झाडांवर स्वतःचं नाव कोरू नका. फारच हौस असेल, तर खाली माझ्याकडे या आणि खुशाल लिहा. पत्त्यासकट.