आवाजही ठेवू का?

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. नारीन नावाच्या डोंगराळ मुलुखातल्या एका शाळेच्या संगणकात राहतो. लोकांच्या ऑनलाइन गप्पा जपून ठेवणं हे माझं काम. कामाला मी चोख आहे, पण माझं ऐकतो कोण?

अर्धं गाव मॉस्कोत राबायला गेलेलं, म्हणून गावाची चावडी गप्पांच्या गटावरच भरे. लिहीत मात्र कुणी नसे. कुणाचे हात कणकेत, कुणाचे घोडीच्या दुधात, त्यामुळे सगळे बोलूनच निरोप पाठवत. तोक्तोबूबू आजी तर मॉस्कोतल्या लेकीला, आयचुरोकला, तिथेच कोशोक शिकवत. कोशोक म्हणजे आई गेल्यावर लेकीने तंबूत बसून गायचा विलाप.

"माझ्यामागं तूच म्हणायचंस," आजी बजावत. "उसनी रडणारी आणलीस, तर कबरीतून उठून येईन."

आयचुरोक खानावळीत भांडी घासायची. तिथल्या गलक्यात बोलणं जमेना, म्हणून ती एकटीच लिहून उत्तर द्यायची.

पुढे गट चालवणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळला. सगळं पुसलं जाण्याआधी मुख्याध्यापक झानिबेक यांनी मला कामाला लावलं. मी आधीच पडद्यावर विचारलं, "आवाजही ठेवू का?"

"जागा भरून जाईल," ते शेजारच्या शिक्षकांना म्हणाले. "बडबड कोण परत ऐकतंय? लिहिलेलं तेवढं पुरे."

मी लाल अक्षरांत पुन्हा बजावलं. ते न वाचताच त्यांनी बटण दाबलं. वर गावाला सांगितलं, की तुमचा शब्दन् शब्द सुखरूप आहे. त्या आनंदात कणकेचे तळलेले गोळे, बोर्सोक, वाटले गेले आणि माझं कौतुक झालं. ते कौतुक मला अजून टोचतं.

त्या हिवाळ्यात आजी गेल्या. आयचुरोकला दफनाला पोहोचता आलं नाही. आईला जाऊन वर्ष झालं, त्या जेवणाला मात्र ती आली आणि थेट शाळेत शिरली.

"बाइके," मोठ्या भावाला म्हणावं तसं ती झानिबेक यांना म्हणाली, "आईचा आवाज लावा. उद्या मला कोशोक म्हणायचंय."

पडद्यावर ओळी आल्या. तोक्तोबूबू: आवाज. तोक्तोबूबू: आवाज. कितीही दाबलं तरी एकही वाजेना. "हा प्रोग्रामच टाकाऊ आहे," झानिबेक म्हणाले. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हा भांडलो असतो.

आयचुरोक पडद्याजवळ सरकली. ती स्वतःचीच उत्तरं वाचू लागली. "आई, हळू म्हण." "इथे दम घ्यायचा ना?" "पांढऱ्या घोडीनंतर काय?" वाचता वाचता ती गुणगुणू लागली. एकेक कडवं तिला आठवत गेलं. मला वाटलं, आता जमलं.

शेवटच्या आवाजाखाली तिने काही लिहिलंच नव्हतं. नुसता अंगठा दाखवला होता.

"त्या दिवशी भांडी फार होती," ती म्हणाली, आणि शेवटच्या कडव्याआधीच तिचं गुणगुणणं थांबलं.

मित्रांनो, मी काही विचारलं तर आधी वाचा, मग बोट टेकवा. आणि तुमची आई बोलत असेल, तर उत्तरात चार शब्द तरी लिहा. तो अंगठा मी अजून नीट जपून ठेवला आहे. शेवटच्या कडव्याचं माझ्या हाती तेवढंच दिलं होतं.