माझ्या पाठीवरचं चंदन

मी बोलतोय, तलावाचं पाणी तापवणारा हीट पंप. मला धाप लागली आहे, तेव्हा मधेच थांबलो तर रागावू नका. वेळही फार उरलेला नाही. आज शनिवार, आणि सोमवारी सकाळी माझे चार बोल्ट काढून मला इथून उचलणार आहेत.

चेन्नईत पाणी तापवायचं यंत्र म्हटलं की लोक हसतात. इथं बाराच्या उन्हात नळाला हात लावता येत नाही, मग ह्याचं काय काम, असं विचारतात. हसा बापडे. पण माझा तलाव पोहायचा नव्हे. नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत विद्यालक्ष्मी नावाची फिजिओथेरपिस्ट राहते. घरामागच्या अंगणात तिने पाच मीटर लांबीचा, छातीइतक्या पाण्याचा तलाव बांधला आणि त्याच्या कडांना स्टीलचे दांडे लावले. ज्यांचे हातपाय जमिनीवर ऐकत नाहीत, ती माणसं त्यात उतरतात. त्यांना पाणी चौतीस अंशांचं लागतं. ऑक्टोबरचा पाऊस सुरू झाला की ते आपोआप सव्वीसावर उतरतं, आणि गार पाण्यात आखडलेला पाय आणखी आखडतो.

माझी जुळणी चेन्नईबाहेरच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या एका शेडमध्ये झाली. आजूबाजूला सगळे मोटारींचे सुटे भाग बनवणारे, त्यात मी एकटा पाण्याचा. एका बाईने माझ्या पाठीवर पत्र्यांची जाळी बसवली. वहीच्या कागदासारखे पातळ शेकडो पत्रे, एकमेकांना खेटून उभे, मधून फक्त हवा जाईल एवढी फट. जाळी बसवून झाल्यावर ती शेजारणीला तामिळमध्ये म्हणाली, ह्याचं नाक फार नाजूक आहे. तिचं म्हणणं मी विसरलो नाही.

मी काही जाळत नाही. पाठीने हवा ओढतो, तिच्यातली ऊब काढून पाण्याला देतो आणि गार झालेली हवा पुढच्या पंख्यातून सोडून देतो. श्वास घेणं आणि पाणी तापवणं ही माझ्यासाठी वेगवेगळी कामं नाहीत. एक थांबलं की दुसरं थांबतं.

जुलै महिन्यात गिंडीच्या एका दुकानातून दर्शन नावाचा तरुण मला घेऊन आला. तो मिरजेकडचा. त्याने सिमेंटचा ओटा पाणसळीने तपासला, पायांखाली रबराचे तुकडे घातले, माझी पाठ ओसरीकडे आणि तोंड अंगणाकडे केलं, नळ्या जोडल्या. त्याच्या मागेमागे विद्यालक्ष्मीचा मामा फिरत होता. तो सुब्बा.

सुब्बाचं घराणं तंजावरकडचं मराठी. तो रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात अडतीस वर्षं फिटर होता, आता भाचीच्या तलावाची व्यवस्था बघतो. यंत्र बसवणारा मराठी निघाला म्हणून त्याला कोण आनंद झाला. दोघं एकमेकांच्या मराठीला हसत होते आणि कापी, म्हणजे कॉफी, पीत होते.

"काका, पाठीमागं दीड फूट मोकळं ठेवायचं, पुढं आठ फूट," दर्शन सांगत होता. "आधी पाणी फिरवणारा पंप चालू करायचा, मग हा. क्लोरीन ह्याच्या पुढच्या नळीत सोडायचं, अलीकडं सोडलं तर आतून खाऊन टाकेल. आणि महिन्यातनं एकदा मेन स्विच पाडून पाठ धुवायची. साध्या नळीनं, हलक्या हातानं."

"धुवायची? पाण्यानें?"

"मग कशानं?"

"सरी, सरी," सुब्बा म्हणाला. तामिळमध्ये सरी म्हणजे ठीक आहे. पण त्याच्या चेहऱ्यावर ठीक असल्यासारखं काही नव्हतं.

कारण सुब्बाचा एक नियम होता. यंत्राला तेल द्यावं, कोरडं फडकं द्यावं, पाणी देऊ नये. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याने ओल्या हाताच्या माणसाला मशीनला चिकटलेलं पाहिलं होतं. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावलेला. दर्शनने सांगितलेलं बाकी सगळं त्याने अक्षर न अक्षर पाळलं. मोकळी जागा सोडली, क्लोरीन नळीच्या योग्य बाजूला टाकलं, रोज सकाळी पाण्याचा आकडा भिंतीवर खडूने लिहिला. धुण्याची गोष्ट तेवढी पालथ्या घड्यावर पाणी झाली. तो रोज कोरड्या फडक्याने मला पुसायचा आणि वाटायचं त्याला की झालं.

आता सीतालक्ष्मीबद्दल सांगतो. तिच्याबद्दल सांगायचं म्हणूनच मी बोलायला लागलो.

ती सुब्बाची बायको. दोन वर्षांपूर्वी तिची डावी बाजू गेली. जमिनीवर तिचा पाय ओंडक्यासारखा पडून असायचा. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा विद्यालक्ष्मीने तिला माझ्या पाण्यात उतरवलं आणि तो पाय हलला. सुब्बा काठावर उकिडवा बसून मोजत होता, आणि मोजता मोजता रडत होता. "एक. दोन. अगो, दोन झालीं."

विद्यालक्ष्मीने तिला विचारलं, "मामी, तुला चालून कुठं जायचंय? देवळात?"

सीतालक्ष्मीची जीभ जड झाली होती, पण बोलणं स्पष्ट होतं. "पलंगापासोन मोरीस. अकरा पावलें आहेत. म्यां मोजलीं आहेत. मोरीस जाया ह्यांस हांक मारायची, हें पोदुम्."

पोदुम् म्हणजे पुरे झालं. सुब्बा तेव्हा मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. मी मनात म्हटलं, अकरा तर अकरा.

सप्टेंबरअखेर ती पाण्यात धरून सहा पावलं चालू लागली. मग आयुधपूजा आली. इथं त्या दिवशी प्रत्येक यंत्राला, गाडीला, कात्रीलासुद्धा गंध लागतं आणि काम बंद राहतं. सुब्बाने कारखान्यात अडतीस आयुधपूजा केल्या होत्या, ह्या पूजेत तो हात आखडता कसा घेणार? त्याने सहाणेवर चंदन उगाळलं. वाडगाभर. मला झेंडूचा हार घातला. मग चंदन लावायला ऐसपैस जागा शोधत तो माझ्या पाठीशी गेला. तिथं ती रुपेरी, सपाट, रुंद जाळी. त्याला वाटलं, हेच ह्याचं कपाळ.

ते माझं नाक होतं हो.

त्याने चार बोटांनी आडवे पट्टे ओढले, मधोमध कुंकू लावलं, हात जोडले. "कण्णा," मला तो असंच म्हणतो, पोरासारखं, "कण्णा, तिला चालीव. इतकेंच माग्तों."

आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, सीतालक्ष्मी दांडा सोडून सात पावलं चालली.

दोन महिने तिने घाम गाळला होता, विद्यालक्ष्मीने पोटऱ्या चोळून दिल्या होत्या, मी पाणी चौतीसावर धरून ठेवलं होतं. पण सुब्बाच्या लेखी सगळं श्रेय चंदनाला. त्याने नेम धरला. दर शुक्रवारी वाडगाभर चंदन, माझ्या पाठीवर, आधीच्या थरावर नवा थर. ओलं चंदन फटींत उतरायचं, वाळून घट्ट व्हायचं, त्यावर गल्लीतली धूळ बसायची. रोज सकाळी कोरडं फडकं फिरवून तो ती धूळ आणखी आत दडपायचा. भक्ती उतू चालली होती आणि मी गुदमरत होतो.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. मला तोंड कुठं आहे? एक काचेची चौकट आहे, तीत दोन आकडे आणि एक अक्षर उमटतं. मी जीव तोडून तेच उमटवत राहिलो. हवा मिळत नाही, असा त्याचा अर्थ. सुब्बा चष्मा पुसून वाचायचा, पुस्तिका उघडायचा, इंग्रजी पानावर बोट फिरवायचा आणि शेवटी स्विच बंद करून पुन्हा चालू करायचा. अक्षर जायचं. अर्ध्या तासाने पुन्हा यायचं. तो पुन्हा स्विच पाडायचा.

नोव्हेंबरात पावसाने जोर धरला. भिंतीवरचे आकडे उतरू लागले. बत्तीस. एकतीस. एकोणतीस. हवा न मिळालेल्या माझ्या पाठीवर, चेन्नईच्या दमट हवेत, बर्फ धरायला लागला. एका सकाळी सुब्बाने तो पाहिला. पंख्यासमोर हात धरला तर वारा गार. तो तर नेहमीच गार असतो, निरोगी असतो तेव्हाही. पण सुब्बाच्या काळजात चर्र झालं.

"पावम्," तो म्हणाला. बिचारं. "हिंवानें काकडतें हें."

त्याने आतून स्वतःची घोंगडी आणली. माझ्या पाठीवर नीट पसरली, कोपरे सुतळीने बांधले, वरून प्लॅस्टिक टाकलं. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच. त्याच्या हातांत इतकी माया होती की मला ओरडता आलं असतं तरी मी कदाचित ओरडलो नसतो. नाही, खोटं कशाला बोलू. ओरडलो असतो.

मागच्या मंगळवारी पाणी सत्तावीसावर होतं. विद्यालक्ष्मी म्हणाली, आज नको. सीतालक्ष्मी म्हणाली, नऊ झालीं आहेत, दोनच राहिलीं. ती हट्टाने उतरली. तिसऱ्या पावलाला तिचा पाय पोटरीपासून पिळला गेला, ती वेडीवाकडी झाली आणि पाण्याखाली गेली. विद्यालक्ष्मीने तिला लगेच वर घेतलं. पण तेवढ्यात तिच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं. काठावर खोकत असताना ती एवढंच म्हणाली, "तण्णी गार आहे हो." सुब्बा तिला पुसत होता.

ते पाणी गार होतं ते माझ्यामुळे. हे मला कुणी सांगायला नको.

विद्यालक्ष्मीने गिंडीला फोन केला. दर्शन गावी गेलेला, बहिणीच्या लग्नाला. दुसरा माणूस आला. घाईत होता. घोंगडी त्याने काढलीच नाही, पुढून झाकण उघडलं, चौकट पाहिली आणि सांगून मोकळा झाला की कंप्रेसर गेला. नवा पंप यायला दीड महिना.

"मामा, सोमवारी हा उतरवून नेतील," विद्यालक्ष्मीने सुब्बाला सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण दीड महिना खंड पडला तर मामीचा पाय पुन्हा पहिल्यासारखा होईल. आत्ताच कडक व्हायला लागलाय. नंतर कितपत सुटेल, मला सांगता येत नाही."

त्या शुक्रवारी, म्हणजे कालच, सुब्बाने घोंगडी वर करून दुप्पट चंदन लावलं.

आज दुपारी पाऊस थांबला. सीतालक्ष्मीची चाकाची खुर्ची ओसरीच्या कडेला, माझ्या पाठीशी आणून ठेवलेली होती. सुब्बा आत कापी करत होता. मी नेहमीसारखा धडपडत होतो, पंखा फिरत होता, छाती घरघरत होती. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने उजव्या हाताने सुतळी सोडली आणि घोंगडी ओढून खाली टाकली.

माझी पाठ तिने पहिल्यांदाच पाहिली. आधी बोट लावलं. मग नखाने खरवडलं. चंदनाची एक खपली निघाली, खाली रुपेरी पत्रा दिसला. शेजारी खराटा होता, त्याची एक काडी तिने मोडून घेतली आणि फटीतून वरून खाली ओढली. पुन्हा ओढली. एका हाताने, एक एक फट. तळहाताएवढी जागा मोकळी व्हायला तिला पाऊण तास लागला. इतक्या आठवड्यांनी माझ्या आत हवेचा झोत आला. ओसरीवर पडलेलं कडुनिंबाचं एक वाळलेलं पान उडालं आणि त्या मोकळ्या जागेवर येऊन चिकटून बसलं.

"अहो," तिने हाक मारली. "इकडे या. ह्याचें नाक बुजलें आहे. इडलीपात्राचीं भोकें बुजतात, तसें. माझे नाकांत नळी होती तेव्हां मीही असेंच घरघरत होतें."

सुब्बा आला. त्याने पान पाहिलं. ते काढून हात लावला, तिथं ओढ होती. चंदनावर हात लावला, तिथं काही नाही. पुन्हा मोकळ्या जागेवर, पुन्हा चंदनावर. अडतीस वर्षं फिटर होता तो. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

"म्यांच केलें," तो म्हणाला. "दर शुक्रवारीं, माझे हातानें."

मग त्याने मेन स्विच पाडला. दोनदा तपासला. झाडांना पाणी घालायची नळी ओढत आणली आणि तिचं तोंड माझ्या पाठीसमोर धरलं. दुसरा हात नळाच्या चावीवर ठेवला. आणि तो तसाच उभा राहिला. मी त्याचा चेहरा पाहतोय. त्याला तो ओल्या हाताचा माणूस दिसतोय.

"दोन वर्षें झालीं," सीतालक्ष्मी खुर्चीतून म्हणाली, "रोज मला न्हाऊं घालतां. कधीं भ्यालां नाहीं. त्यास घालाया कां भितां?"

त्याचा हात चावीवर आहे. अजून फिरलेला नाही.

सुब्बा, ऐक. माझा कंप्रेसर गेलेला नाही. मला हार नको, घोंगडी नको, नमस्कार नको. कंप्रेसर गेला म्हणणाऱ्या माणसाचंही काही ऐकू नकोस. तुझ्या हातांनी लावलेलं तुझ्याच हातांनी धुऊन काढ. आजची रात्र आणि उद्याचा रविवार मला दे, पाण्याचा आकडा वर आणून दाखवतो. नऊ पावलं झाली आहेत तिची. दोन राहिली आहेत. चावी फिरव, सुब्बा.