हात मांडीखाली

"ज्याचा कणा ताठ, तो माणूस कुणापुढे वाकत नाही," सतरंजीवर पालथे पडलेल्या निवृत्त न्यायाधीशांनी जाहीर केलं, आणि आपल्याला कुणीतरी उताणं करावं अशी लगोलग विनंती केली.

"इथं ज्याचं त्यानं उलटायचं, साहेब," व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या.

वरच्या कोर्टानं निकाल फिरवावा तसा चेहरा करून साहेब स्वतःच उलटले.

जुन्या दुखण्यांच्या त्या केंद्रात बाईंचा एक कडक नियम होता. दुखण्यापेक्षा घरच्यांचा मदतीचा हातच रोग्याला जास्त जखडतो, असं त्यांचं मत. म्हणून सोबतच्या नातेवाइकांनी भिंतीकडच्या बाकावर आपापले हात मांडीखाली दाबून बसायचं. साहेबांची बायको पहिल्या दिवसापासून तशी बसत आली होती. जीभ तेवढी मोकळी होती.

आज परीक्षा होती. आपल्या बुटाची नाडी आपण बांधायची. जमली की केंद्रातून सुट्टी, आणि घरीही मग कुणी बुटाला हात लावायचा नाही.

खरं तर नाडी साहेबांना केव्हाच जमू लागली होती. न्हाणीघराला आतून कडी लावून त्यांनी चोरून सराव केला होता. अडचण निराळीच होती. कंबर धरल्यापासून रोज सकाळी बायको बुटक्या स्टुलावर, एक पाय लांब सोडून, त्यांच्या पायाशी बसे. बूट चढवता चढवता शेजारणीचा आगाऊपणा, लेकीचा अबोला, नळाची गळती, सगळं त्यांच्या कानावर घाली. पाय पसरून बसण्यावरून ते तिला 'महाराणी' म्हणत. नाडी बांधून झाली की ती तिच्या कामात आणि ते आपल्या कण्यात, ते थेट दुसऱ्या सकाळपर्यंत. आज तर निघायच्या घाईत नळाचं सांगणं अर्धवटच राहिलं होतं.

नाडी जमली की ते रोजचं सकाळचं कोर्ट कायमचं उठणार. म्हणून साहेबांनी मनाशी पक्कं केलं होतं, अर्ध्यापर्यंत वाकायचं, विव्हळायचं आणि नापास व्हायचं.

"हात मांडीखाली," बाईंनी बाकाकडे बघून बजावलं.

"मी कुठं काढतेय? यांचंच बघा, तोंड आत्तापासून वाकडं झालंय," बायको म्हणाली.

साहेब खुर्चीत बसून वाकले. अर्ध्यावर पोहोचले, विव्हळायला तोंडही उघडलं. तेवढ्यात समोरच्या बाकापाशी बायकोचे पाय दिसले. रोज वरून त्यांना तिचा भांग तेवढा दिसायचा. उजवा पाय काठीसारखा सरळ सोडलेला होता, दुमडायचं नावच नाही. त्या पायातल्या सँडलचा पट्टा सुटलेला. टाचेखाली दबून दबून तो पार चपटा झाला होता.

विव्हळायचं राहूनच गेलं. साहेबांनी नाडी बांधली, वर एक गाठ मारली. रोग्यांनी टाळ्या वाजवल्या. नातेवाइकांचे हात अडकलेले, त्यांनी पाय आपटले. एकच पाय आपटला नाही.

साहेब तसेच वाकून त्या बाकापाशी गेले आणि खाली बसले. समोर माणसं होती, त्यामुळे काहीतरी बोलणं भाग होतं.

"स्वावलंबन," त्यांनी घसा साफ केला, "हा मानवजातीचा..."

"अहो, खाली बसलाच आहात, तर तेवढा पट्टा लावा," बायको म्हणाली. "माझे हात अडकलेत. आणि जरा सावकाश, नळाचं सांगायचं राहिलंय."