पायरीवरचा चावीवाला

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, पण समारंभात मिरवणारा नव्हे. मी गाडीच्या टपावर, लोखंडी दांड्याच्या टोकाला बसायचो. मला चहूबाजूंना डोळे होते, एक तर थेट आभाळाकडे. आज त्यांतला एकही धड नाही.

कारखान्यात माझी भिंगं मऊ फडक्याने पुसत, तान्ह्याचं तोंड पुसावं तशी. मग लंबूने मला गाडीवर चढवलं. लंबू म्हणजे आमचा ड्रायव्हर. बसला की त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागत. आम्ही गावोगावच्या गल्ल्या टिपत हिंडलो. मी टिपलेल्या वाटांवरून लोक घरबसल्या पडद्यावर चालू लागले. अंथरुणाला खिळलेले समुद्र बघून येत. परगावी निघालेले आदल्या दिवशीच तिथे फिरून येत आणि पोचल्यावर वाट विचारायला कुणाच्या दारी थांबत नसत. माझं फार कौतुक झालं.

एका गल्लीच्या तोंडाशी पायरीवर बसलेला चावीवाला मी टिपला. एक पाय मुडपलेला, एक लांब सोडलेला, हातात कानस. नियमाप्रमाणे यंत्राने त्याचा चेहरा पुसट केला.

पुढे काही वर्षांनी आम्ही तिथे नवी चित्रं घ्यायला गेलो. भर दुपार होती. पायरी रिकामी होती. गाडी आत शिरते न शिरते तोच पहिला दगड माझ्या डोळ्यावर बसला. मग दगडांची सरच आली. गल्लीतल्या गॅरेजवाल्याने गाडीचं दार उघडून लंबूला कॉलर धरून खेचलं. लाथा बसल्या, बुक्के बसले, पान्याचा घाव बसला. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं.

"मी नुसती गाडी चालवतो हो," लंबू कसाबसा म्हणाला.

"आम्हीपण नुसते हात चालवतोय," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

त्यांच्या शिव्यांतून मला सारं कळलं. पूर्वी परका माणूस आला की चावीवाल्याला वाट विचारी, आणि सांगता सांगता चावीवाला त्याला पायापासून डोक्यापर्यंत निरखून घेई. मग एकदा तिघे आले. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. गल्ली त्यांनी पडद्यावर पाठ केली होती, अगदी मागच्या बुटक्या भिंतीसकट. चोरी करून ते पळत असताना चावीवाला आडवा आला. त्यांनी पहारीने त्याचं डोकं फोडलं. पायरीवरच त्याचा जीव गेला.

एवढ्यात त्याची बायको आली. सारी गल्ली तिला काकू म्हणे. गर्दी दुभंगली. गॅरेजवाल्याने तिच्या हातात हातोडा ठेवला आणि लंबूकडे बोट दाखवलं. "पहिला मान तुमचा, काकू."

काकू खाली वाकली. तिने लंबूच्या डोळ्यांवरचं रक्त आपल्या बाहीने पुसलं आणि विचारलं, नवे फोटो पडद्यावर गेले की जुने राहतात का रे? लंबूने नकारार्थी मान हलवली. नव्याखाली जुनं पुसलं जातं.

मग ती गल्लीकडे वळली.

"माझी लेक परदेशात कागदपत्रांत अडकलीय. बापाच्या मयतीलाही येता आलं नाही तिला. रोज संध्याकाळी ती पडद्यावर या गल्लीत येते. तोंड दिसत नाही, पण बसण्यावरून बाप ओळखते. तिथनं मला फोन करते. म्हणते, आई, आत्ता मी बाबांपाशी आहे." तिने हातोडा उचलला. "आज याने रिकामी पायरी नेली तर माझा माणूस पुन्हा मरेल. ह्या पोराला सोडा. मला ते वर बसलंय ते द्या."

त्यांनी मला दांड्यावरून उपटून तिच्यापुढे टाकलं. तिने एकेक करून माझे सारे डोळे फोडले. ना शिवी, ना रडणं. शेवटी दुपारची चित्रं साठवलेली माझी पेटी तिने ठेचून ठेचून चपटी केली. त्यानंतर मला फक्त ऐकू येत होतं. पाण्याचा आवाज आला, फडकं पिळल्याचा आला, आणि लंबूचं मुसमुसणं.

लंबूने कचेरीत सांगितलं की ती गल्ली आता अरुंद झाली आहे, गाडी शिरत नाही, पुन्हा कुणाला धाडू नका. आता मी त्याच्या घरच्या फळीवर धूळ खात पडलो आहे. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, पडद्यावर खुशाल हिंडा. पण कुठे खरोखर गेलात, तर वाट माहीत असली तरी एखाद्या दारी थांबून विचारा, दारातल्या माणसाला तुम्हांला नीट पाहू द्या. आणि पडद्यावर पुसट चेहऱ्याचं कुणी पायरीवर बसलेलं दिसलं, तर जरा कडेकडेने जा. तिथे कुणाची तरी लेक आलेली असेल.