हिरव्या पाटीची कचेरी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे, आणि माझ्या अंगावर एकाखाली एक तीन नावे आहेत.

सुताराने मला एका मोडक्या दाराच्या फळीतून कापले. नव्या कार्यालयासाठी नवे लाकूड द्यायला कोणी तयार नव्हते. कार्यालय म्हणजे तरी काय? एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक बाई. शिपाई मंजूर नव्हता, म्हणून बाईच कुलूप उघडत, झाडून घेत आणि मग हात धुऊन अधिकारी म्हणून खुर्चीवर बसत.

रंगाऱ्याकडे खिडक्यांचा उरलेला हिरवा रंग होता. तोच मला फासून त्याने पांढऱ्या अक्षरांत लिहिले, 'स्त्री साहाय्य कक्ष'.

"दुसरा रंग नाही का हो?" बाईंनी विचारले.

"खोली एवढीशी आहे, बाई. रंग तरी ठसठशीत असू द्या."

पहिल्या महिन्यात चौघी आल्या. तीन वर्षांत रोजच्या पंचवीस येऊ लागल्या. या कचेरीचा पत्ता रस्त्यात विचारायची सोय नव्हती. विचारला की संध्याकाळपर्यंत घरचे भांडण गल्लीभर! म्हणून एकीने दुसरीच्या कानात सांगितले, "बसमधून उतर, कोणाला काही विचारू नकोस. हिरवी पाटी दिसली की शीर आत." वाचता न येणाऱ्यांनाही रंग कळत होता. मी न बोलता पत्ता सांगत होते.

पुढे एका खोलीच्या तीन झाल्या आणि मी 'महिला कल्याण कार्यालय' झाले. मग पूर्ण मजला मिळाला आणि मी 'महिला व कुटुंब विभाग' झाले. दर वेळी रंगारी जुन्या नावावर तोच हिरवा हात फिरवी.

मग एक नवे साहेब आले. आवारातल्या सगळ्या पाट्या एकसारख्या निळ्या हव्यात, असा त्यांनी हुकूम काढला. सोमवारी मी निळी झाले. गुरुवारपर्यंत चार दिवसांत मिळून नऊच बायका आल्या.

साहेब खूश. "बघा, तक्रारी कमी झाल्या!" त्यांनी तसे अहवालातही लिहिले.

त्याच दुपारी शिपाई मावशी व्हरांडा झाडत होत्या. खांद्यावर झोपलेली मुलगी घेऊन एक बाई फाटकासमोरून तीनदा गेली आणि थांब्याकडे वळली. मावशी केरसुणीसकट धावल्या.

"अगं, काय शोधतेस?"

"काही नाही."

"मग तीन फेऱ्या कसल्या घातल्यास? पाय मोकळे करायला आलीस?"

बाईने इकडेतिकडे पाहिले. "बहीण म्हणाली होती, हिरवी पाटी. इथे सगळं निळंच. मुलगी माझ्याकडे राहावी म्हणून अर्ज द्यायचाय. आज शेवटची तारीख."

मावशींनी तिचे मनगट धरले. "हिरवीच आहे ती, वरून निळी केलीये. चल, खिडकी बंद होईल."

खिडकी बंद व्हायला अकरा मिनिटे होती. अर्ज दाखल झाला. काही महिन्यांनी निकाल लागला आणि मुलगी आईकडेच राहिली.

अर्ज दाखल झाला त्याच संध्याकाळी मावशी थेट साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, तक्रारी कमी नाही झाल्या. बाया परत गेल्या."

साहेबांनी अहवालातले ते वाक्य स्वतःच्या हाताने खोडले आणि म्हणाले, "रंगाऱ्याला बोलवा."

"मी तेव्हाच सांगणार होतो," रंगारी डबा उघडत म्हणाला, "पण मला विचारतंय कोण!"

साहेबांनी फायलीत एक ओळ घातली : 'या पाटीचा रंग बदलू नये.' मला तिचा फार अभिमान आहे.

आता विभागाची पाच मजली इमारत झाली आहे. दोन वर्षे मी मोडक्या खुर्च्यांमागे अडगळीत पडून होते. पण नव्या दिव्यांच्या पाटीचा रंग ठरवताना कोणाला तरी ती ओळ सापडली. मला बाहेर काढले आणि नेमकी छटा मिळावी म्हणून माझ्या उजव्या कोपऱ्याचा नखाएवढा पोपडा सोलून नेला. आज ती पाटी दुरून, बसमधूनही हिरवी दिसते. मी आत, अर्जांच्या खिडकीवर टांगलेली असते.

मित्रांनो, अशा एखाद्या दाराबाहेर कोणी फेऱ्या घालताना दिसले, तर मोठ्याने चौकशी करू नका. नुसते बोट दाखवा. आणि कधी मला पुसाल तर हलक्या हाताने पुसा. उजवा कोपरा मात्र रंगवून भरू नका. तो रंग उडालेला नाही, कामावर गेला आहे.