पंखाखालचा अंगठा

मी कवळ्या बनवतो. पस्तीस वर्षं झाली. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी दात बसवून, घासून, पॉलिश करून परत पाठवतो. आमच्या कामात नियम एकच: जिभेला काही खुपता कामा नये. जिभेइतकी खवचट तपासणी जगात कुणी करत नाही. केसाएवढी कड राहिली तरी दुसऱ्या दिवशी म्हातारबुवा कवळी रुमालात गुंडाळून दारात हजर. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्याचं कारण विचाराल तर माझ्याकडे एवढंच आहे, आणि ते मलाही पटत नाही.

माझा धाकटा भाऊ विमानं बनवायचा. जुन्या लढाईतली, प्लॅस्टिकची, खोक्यात सुटे भाग येतात ना, तसली. नाद मीच लावला. माझा हात त्यात बसला, त्याचा शेवटपर्यंत बसला नाही. स्वारी कायम घोड्यावर. एकदा वैमानिकाला आत बसवायचं विसरून दोन्ही बाजू चिकटवून मोकळा झाला, आणि वर म्हणतो, "पायलट रजेवर आहे."

या विमानांचा गोंद नुसता चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करतो. ओल्या सांध्याला बोट लागलं की त्याचा ठसा कायमचा. धाकट्याच्या प्रत्येक विमानावर कुठे ना कुठे त्याचा अंगठा उमटलेला असायचाच. रविवारी मी गेलो की विमान उजेडात धरायचो. "चोरी कर तू एकदा. पोलिसांना काही कामच उरणार नाही," असं म्हणायचो आणि खिशातला बारीक पॉलिश पेपर काढून ठसा घासून टाकायचो. तो हसायचा. "या, इन्स्पेक्टरसाहेब," म्हणायचा.

चव्वेचाळिसाव्या वर्षी तो ऑफिसच्या जिन्यात दम खायला बसला, तो उठलाच नाही.

महिन्याभरानं त्याच्या बायकोनं माझ्यासमोर एक खोकं ठेवलं. आत दोन इंजिनांचं बाँबफेकी विमान, निम्मंअधिक राहिलेलं. धड उघडं, चाकं सुटी, एक डावा पंख तेवढा जोडून झालेला. तिनं तो उलटा केला. इंजिनाच्या मागे सांध्यावर धाकट्याचा अंगठा होता. एका बाजूला जरा फरफटलेला.

"आदल्या दिवशीचा आहे," ती म्हणाली. "मी जेवायला हाक मारली, तर तसाच अंगठा उचलला. म्हणाले, गेलं, आता दादा बोलणार."

मी पंख उजेडाकडे धरला.

"आई रोज दुपारी हा पंख घेऊन बसतात, दादा. त्यांना विमान पुरं झालेलं हवंय. पण या ठशाला हात लावू नका."

आई खिडकीपाशी बसली होती. तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, बाकी सगळं बोटांनी. तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"सगळं अर्धं टाकून गेला. विमान तरी पुरं कर. रंग दे, चाकं लाव, तुला हवं ते कर. तेवढा अंगठा मात्र ठेव."

"ठेवतो," मी म्हणालो. एवढंच तर करायचं होतं मला.

मी ते माझ्या कामाच्या टेबलावर मांडलं, कवळ्या एका बाजूला सारल्या. सर्वांत आधी ठशावर रंग अडवायची चिकटपट्टी लावली, कडा नखानं दाबल्या. मग बाकीचं. वैमानिक आधी बसवला, त्याच्या पट्ट्यांनाही रंग दिला, आणि मगच धड बंद केलं. नाकात शिशाचे गोळे घातले, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. सांधे लिंपले, घासले, पुन्हा लिंपले. वरून मातकट आणि हिरवा, पोटाला आकाशी. इंजिनांच्या मागे धुराची काजळी, ब्रशनं अगदी हलकी. खोटं कशाला सांगू, त्या तीन आठवड्यांत मला बरं वाटत होतं. धाकटा शेजारी बसून चिडवतोय असं वाटायचं.

शेवटच्या शनिवारी सकाळी पट्टी सोलली. ठसा जसाच्या तसा होता, आकाशी रंगाच्या मधोमध उघड्या राखाडी प्लॅस्टिकची खिडकी. फक्त पट्टीच्या जागी चहूबाजूंनी रंगाची बारीक कड उभी राहिली होती. बोट फिरवलं तर खुपली.

तेवढ्यात फोन वाजला. धाकट्याची बायको. मी फोन खांद्यात धरला.

"झालं का, दादा? आई सकाळपासून विचारतायत."

"होत आलंय. उद्या घेऊन येतो."

"अंगठा?"

"जिवापाड जपलाय," मी म्हणालो. "काळजी करू नकोस."

ती मग चष्म्याच्या डॉक्टरांबद्दल काहीतरी बोलत राहिली. मी हो हो म्हणत होतो. फोन ठेवला आणि खाली पाहिलं. उजव्या हातात ओला पॉलिश पेपर होता. डाव्या हातात विमान उलटं होतं. कड गेली होती. पंख आरशासारखा गुळगुळीत झाला होता, जिभेलाही काही खुपलं नसतं.

मी वेड्यासारखं पेपर भिजवायच्या वाटीतलं पाणी उजेडात धरून पाहिलं. तळाशी राखाडी गाळ होता. तो माझा भाऊ होता, असं मला वाटलं, आणि मी वाटी ओतून देऊ शकलो नाही.

त्यानं मला भेट दिलेली तीन विमानं माझ्याकडे आहेत. ती उतरवली, भिंगाखाली धरली, इंच न् इंच पाहिलं. काही नाही. माझं काम चोख असतं. त्याच्या कपाटातली अकरा पाहायची गरजच नव्हती. तीही माझ्याच हाताखालून गेलेली. तीस वर्षं दर रविवारी मी माझ्या भावाला पुसत आलो होतो, आणि तो समोर बसून हसत होता.

संध्याकाळी मी ते केलं. त्याच जागी गोंदाचा थेंब सोडला, माझा अंगठा टेकवला, वीस आकडे मोजले आणि उचलला. रेघ न् रेघ आली.

दुसऱ्या दिवशी विमान आईच्या मांडीवर ठेवलं. धाकट्याची बायको दारात उभी राहिली. आईनं आधी चाकं चाचपली, नाक चाचपलं, "चांगलं झालंय," म्हणाली. मग उलटं केलं. तिचा अंगठा न चुकता इंजिनाच्या मागे गेला आणि तिथे थांबला. पुढे सरकला, मागे आला.

"हा तुझा आहे," ती म्हणाली.

मी दाराकडे पाहिलं. दारातून कुणी हललं नाही.

"त्याचा फरफटलेला होता. त्याला कुठे धीर होता? हा बघ कसा, शहाण्यासारखा."

"आई, चुकून झालं. हात आपोआप..."

"कळलं."

तिनं विमान माझ्या हातात दिलं. मी पंखाच्या त्या जागेवर बोट ठेवून उभा होतो. तिला ते दिसत नव्हतं, तरी तिनं माझं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "निदान हा तरी घासू नकोस."

विमान कपाटात बारावं म्हणून ठेवलं. मी अजून दर रविवारी जातो. आईनं ते पुन्हा कधी मागितलं नाही.