नेनिंगची चाचणी

बुकबोकच्या चौथ्या आवृत्तीची बैठक आपल्याच घरी घ्यायची, असा एदेल्विनाने हट्ट धरला, त्यात पाहुणचाराचा काही संबंध नव्हता. भांडायचंच आहे तर आपल्या ओसरीवर भांडावं, एवढाच तिचा हिशेब होता.

बुकबोक म्हणजे तांदळात होतो तो किडा. फार वर्षांपूर्वी इलोइलो शहरात, ला पाझ बाजारामागच्या नेनिंगच्या स्वयंपाकघरात, कॉलेजात शिकवणारा सेल्सो आणि त्याचं टोळकं प्रोग्रॅममधल्या चुका नोंदवून ठेवायची एक सोय बनवत बसले होते. सोय बनली, पण नावावरून घोडं अडलं. सगळे एकमेकांच्या उरावर बसायच्या बेतात असताना सुपात तांदूळ निवडणारी नेनिंग म्हणाली, "मी तांदळातले किडे निवडते, तुम्ही तुमच्यातले निवडा. एवढ्याशा कामाला नाव कसलं शोधताय?" झालं, बुकबोक नाव पडलं. सोय त्यांनी जगाला मोकळी करून दिली. कोणीही फुकट वापरावी, कोणीही उघडून सुधारावी. पुढे कुठल्या कुठल्या देशांतले लोक बुकबोक वापरू लागले आणि हे नाव फार भारी असणार असं समजून चालले.

नवी आवृत्ती निघायच्या आधी दाग्याव व्हायचा. गावाकडे भातलावणीला सगळी आळी मिळून हात लावते, तो दाग्याव. या लोकांनी तो चाचणीसाठी सुरू केला. ज्याने त्याने आपला कॉम्प्युटर घेऊन सकाळीच नेनिंगकडे यायचं आणि दिवसभर बुकबोकची मोडतोड करायची. चूक सापडली की "बुकबोक!" म्हणून बोंब ठोकायची. बोंब ठोकणाऱ्याला बाचोयचा, म्हणजे मांस घातलेल्या नूडल्सच्या सूपचा, पहिला वाडगा, नळीच्या हाडासकट.

प्रत्येकाची मोडायची तऱ्हा निराळी. सेल्सोचा कशावरच विश्वास नाही, म्हणून तो प्रत्येक बटण दोनदा दाबायचा. एदेल शाळेत टायपिंग शिकवायची. तिच्या बोटांपुढे बुकबोकला धाप लागायची. आणि नेनिंगला तर प्रोग्रॅममधलं ओ का ठो कळत नव्हतं. ती तक्रार अर्धी लिहायची, भात बघायला उठायची, तिथून कुंपणाशी जाऊन शेजारणीशी गप्पा छाटायची आणि सावकाश परत येऊन, मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात, 'जतन करा' दाबायची. लिहिलेलं सगळं गायब. "माझं कुणी खाल्लं रे?" असं ती ओरडली की सेल्सो कपाळाला हात लावायचा. ती परत येईपर्यंत बुकबोक तिला विसरून गेलेला असायचा. ती चूक दुरुस्त करताना सेल्सोने किती शिव्या दिल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

मग माणसं पांगली. कोणी जहाजावर गेलं, कोणी रियाधच्या इस्पितळात, सेल्सो लेकीकडे बर्फातल्या विनिपेगला. गेल्या वर्षी नेनिंगही गेली, ती कायमचीच. तिच्या माघारी जो दाग्याव झाला त्याला जेमतेम तिघं आले आणि त्यातला एक बास्केटबॉलची मॅच आहे म्हणून मधूनच सटकला. एदेल त्या दिवशी उरलेला बाचोय शेजारी वाटत फिरली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

आता बुकबोक सांभाळत होता रोव्हिक. त्याने चौथ्या आवृत्तीची योजना पाठवली होती. तिच्यात दाग्याव नव्हताच. चाचणी यंत्र करणार, तीही प्रत्येक बदलाबरोबर. शिवाय मोबाईलवर चालणारा बुकबोक, तक्रारीबरोबर फोटो, इंटरनेट नसताना लिहायची सोय, असला मोठा पसारा. चाचणीप्रमुखाने हो म्हटल्याशिवाय काही पुढे सरकायचं नाही, हा सेल्सोने घातलेला नियम होता, आणि चाचणीप्रमुख होती एदेल. सगळ्यालाच नाही म्हणायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं.

"मनांग, आधी जेवायचं की आधी भांडायचं?" ओसरीवर लॅपटॉप मांडत रोव्हिकने विचारलं. तिकडे थोरल्या बहिणीला मनांग, थोरल्या भावाला मनोंग म्हणतात, आणि धाकट्यांना लाडाने इंदाय नाहीतर तोतो.

"आधी भांडू. पोट भरलं की मी मऊ पडते."

शेजारच्या दुसऱ्या लॅपटॉपवर, व्हिडिओ कॉलमध्ये, सेल्सो घरातच जाडजूड कोट घालून बसला होता. जोडणी अडकली आणि तो आ वासलेलाच राहिला.

"मनोंग, तोंड मिटा, माशी जाईल," एदेल म्हणाली.

"इथल्या माश्या थंडीने कधीच मेल्या, इंदाय," सेल्सो एकदम हलला. "मीच कसाबसा उरलोय."

"तुमच्यासमोरच विचारते याला. का रे तोतो, दाग्याव कापून टाकताना हात नाही थरथरला तुझा?"

"मनांग, माणसं कुठेत?" रोव्हिक हळूच म्हणाला.

हे खरं होतं, म्हणूनच ती जास्त भडकली. "आणि यंत्र काय दिवे लावणार? त्याला कंटाळा येत नाही. त्याचा भात करपत नाही. काम टाकून कुंपणाशी गप्पा मारायचं त्याच्या नशिबात नाही. चुका सापडणार कशा त्याला?"

"मारतं ते गप्पा," रोव्हिक म्हणाला आणि त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

पडद्यावर चाचण्यांची नावं होती. 'सेल्सो, बटण दोनदा.' 'एदेल, सुसाट.' जहाजावरच्याचं होतं, रियाधच्या नर्सचंही होतं. कॉलेजात असल्यापासून रोव्हिक दाग्यावला यायचा. कोण काय करतं ते त्याने पाहिलं होतं आणि यंत्राला तसंच वागायला शिकवलं होतं. त्याने चाचणी सुरू केली. एकेक नाव हिरवं होत गेलं.

"मी पास!" सेल्सो ओरडला. "आयुष्यात पहिल्यांदा."

'एदेल'ही हिरवी झाली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'नेनिंग, भात बघायला गेली.' तिथे सगळं थांबलं.

"अडकलं का?" एदेलने विचारलं.

"नाही. ती वेळ लावते. थांबावं लागतं."

ते थांबले. हे थांबणं एदेलच्या चांगल्याच ओळखीचं होतं. तिची मान आपोआप स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली, आणि हे आपलं घर आहे, नेनिंगचं नव्हे, हे तिला मुद्दाम आठवावं लागलं.

मग ओळ लाल झाली.

रोव्हिकचा चेहराच उतरला. लोकांना ओळखून आत घेणारा भाग त्याने नव्या आवृत्तीसाठी मुळापासून पुन्हा लिहिला होता आणि ती जुनी चूक आयतीच परत आली होती. कोणी मध्येच उठून गेलं तर लिहिलेलं सगळं गायब. "हे असंच बाहेर गेलं असतं, मनांग," तो म्हणाला. "माझ्या लक्षातही आलं नसतं."

"बुकबोक!" विनिपेगहून सेल्सोने बोंब ठोकली.

एदेल आधी हसली आणि हसता हसता रडायला लागली. नेनिंग गेल्यापासून लोक तिच्याबद्दल आवाज उतरवून बोलायचे, ती फार चांगली होती म्हणायचे. आज कितीतरी दिवसांनी नेनिंगने काहीतरी केलं होतं. एदेलला तिची फार आठवण आली. रुमालबिमाल न शोधता तिने बाहीने डोळे पुसले आणि ती रोव्हिकला जेवायला वाढायला उठली.

जेवता जेवता रोव्हिकने दुरुस्ती केली. पुन्हा चाचणी लावली. पुन्हा सगळे थांबले. या वेळी नेनिंगही हिरवी झाली आणि बाकीच्यांसारखीच एक ओळ होऊन बसली.

"आता?" एदेल म्हणाली.

"आता काही नाही. सगळं नीट असलं की ती गप्प."

"मग परत कधी बोलणार?"

"मी काहीतरी मोडलं की. नवं लिहिताना मोडतंच काही ना काही."

एदेलने त्या हिरव्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं. मग तिने योजना पुढे ओढली.

"मोबाईलचं घे."

"घेऊ?"

"फोटोंचंही घे. ते इंटरनेट नसतानाचंही. काय असेल ते सगळं घे."

"मनांग, कालच तुम्ही फोनवर ओरडत होतात," रोव्हिक गोंधळला. "एवढं सगळं केलं तर चुकांचा डोंगर होईल म्हणून."

"होऊ दे की," एदेल म्हणाली. "आणि जरा लवकर लिही, तोतो. नेनिंगला फार वेळ गप्प बसायची सवय नाही."